क्वालालंपूर आणि कॅमेरॉन हायलँड्स: आधी वार बघा, मग विमान

क्वालालंपूर आणि कॅमेरॉन हायलँड्स हे थंड हवेचं ठिकाण अशी पाच-सहा दिवसांची सहल ठरली की लोक आधी स्वस्त तिकीट शोधतात आणि मिळालेल्या तारखांत बाकी सगळं कोंबतात. इथे ते उलटं करावं. पेट्रोनास मनोऱ्यांवर जायचं असेल तर सोमवारी ते बंद. कॅमेरॉनमधलं सुंगाई पालासचं चहाकेंद्रही सोमवारीच बंद. शनिवार-रविवारी डोंगरातला रस्ता गाड्यांनी गच्च, आणि शुक्रवारी नमाजाच्या वेळेत मशिदी पाहुण्यांना बंद. हे सगळं जुळवलं की आराखडा आपोआप तयार होतो: शुक्रवारी सकाळी उतरायचं, शनिवार-रविवार शहरात काढायचे, बंदचा सोमवार बसमध्ये घालवायचा, मंगळवार पूर्ण डोंगरात आणि बुधवारी खाली. त्यातही मलेशियाच्या शाळांची सुट्टी किंवा चिनी नववर्ष येत नाही ना, हे आधी बघून घ्यावं. त्या दिवसांत डोंगरावरच्या खोल्यांचे दर चढतात आणि एरवी पंधरा मिनिटांच्या अंतराला तास-दीड तास लागतो.

भारतीय पासपोर्टवर सध्या व्हिसा लागत नाही. १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंतची ही सवलत आहे आणि ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवलेली आहे. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग हाताशी हवं. मात्र व्हिसा नाही म्हणजे कागद नाही असं समजून लोक विमानतळावर अडकतात. मलेशियाचं डिजिटल आगमनपत्र, ज्याला सगळे एमडॅक म्हणतात, १ जानेवारी २०२४ पासून सक्तीचं आहे. ते पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येतं आणि फुकट असतं. इंटरनेटवर शोधलं की पैसे मागणाऱ्या चार साइट्स आधी दिसतात, त्यांच्या नादी लागू नये. सरकारी इमिग्रेशनच्या पानावरूनच भरावं. घरातल्या प्रत्येकाचं, तान्ह्या बाळाचंही, वेगळं. नाव पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण लिहायचं, म्हणजे मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव गाळायचं नाही. चुका होतात त्या मुख्यतः पासपोर्टच्या मुदतीची तारीख, विमानाचा क्रमांक आणि हॉटेलच्या पत्त्यात. मंजुरी ईमेलवर येते. तिचा स्क्रीनशॉट फोनमध्ये आणि एक प्रत कागदावर ठेवावी, कारण मुंबईच्या चेक-इन काउंटरवरही ती मागतात.

मुंबईहून थेट विमानाला साधारण पाच तास लागतात आणि घड्याळ अडीच तास पुढे करायचं असतं. रात्री उशिराचं विमान घेतलं तर तिथे सकाळ उजाडते. हॉटेलची खोली मात्र दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही. रिसेप्शनवर बॅगा ठेवून हिंडायला निघायचं, हे आधीच मनाशी धरावं आणि एक टी-शर्ट, पंचा वरच्या कप्प्यात ठेवावा.

विमानतळ शहरापासून पन्नास किलोमीटरहून जास्त लांब, सेपांगला आहे. केएलआयए एक्स्प्रेस ही विमानतळाची ट्रेन टर्मिनल १ वरून २८ मिनिटांत आणि टर्मिनल २ वरून ३३ मिनिटांत केएल सेंट्रल स्टेशनला पोचवते. प्रौढाचं भाडं ५५ रिंगिट. रिंगिट वीस रुपयांच्या वर धरला की चौघांचे साडेचार हजार होतात. एकटा-दुकटा माणूस असेल तर ट्रेन उत्तम. तिघं-चौघं असतील तर ग्रॅब या ॲपवरून बोलावलेली गाडी बऱ्याचदा निम्म्यात येते, फक्त टोलचे पैसे वेगळे पडतात आणि संध्याकाळी रस्त्यावर तास-सव्वा तास जातो. सर्वांत स्वस्त म्हणजे केएल सेंट्रलची बस, साधारण तासाभराची. विमानतळावर पैसे बदलायचे असतील तर पहिल्या दिवसापुरतेच बदलावेत, भाव शहरात बरा मिळतो. मस्जिद इंडिया आणि ब्रिकफील्ड्सच्या भागातले मनी चेंजर भारतीय रुपयेही घेतात. प्लग चौकोनी तीन पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा लागतो. ॲडॉप्टर घरून नेला नाही तरी तिथे कुठल्याही किराणा-स्टोअरमध्ये मिळतो.

राहायचं कुठे, यावर सहलीतला निम्मा वेळ वाचतो किंवा वाया जातो. बहुतेक टूरवाले बुकित बिंतांगला ठेवतात. रात्रीची गजबज, मॉल, खाणं सगळं तिथे आहे, पण संध्याकाळी गाडी बोलवली तर ती समोर दिसूनही वीस मिनिटं पोचत नाही. डोंगरावर जायचं असेल आणि घरात शाकाहारी माणसं असतील तर आमचं मत ब्रिकफील्ड्सच्या बाजूने पडतं. केएल सेंट्रल चालत गाठता येतं, तिथून विमानतळाची ट्रेन, बातू केव्ह्ज या गुहा-देवळाची लोकल, एलआरटी ही शहरातली मेट्रो, सगळं निघतं आणि केळीच्या पानावरचं जेवण खाली उतरलं की समोर. मोनोरेलचं स्टेशन मात्र नावाला केएल सेंट्रल, प्रत्यक्षात एनयू सेंट्रल मॉलमधून बरंच चालत जावं लागतं. जड बॅगा घेऊन तिकडे वळू नये.

हॉटेलात परदेशी पाहुण्यांकडून दर खोलीला दर रात्री १० रिंगिट पर्यटन कर घेतात. ऑनलाइन बुकिंगच्या रकमेत तो सहसा नसतो. शिवाय परत मिळणारी अनामत असते. ती रोख द्यावी. कार्डावर दिली की ती रक्कम अडकून राहते आणि सुटायला कधी कधी दोन-तीन आठवडे लागतात.

शहरात फिरायला टच अँड गो कार्ड घ्यावं. एलआरटी, एमआरटी, मोनोरेल, लोकल सगळीकडे तेच चालतं, पण एका कार्डावर एकच माणूस. कार्ड नसेल तर यंत्रातून निळं प्लास्टिकचं टोकन मिळतं. आत जाताना ते टेकवायचं, बाहेर पडताना फटीत टाकायचं. ग्रॅब घरूनच डाउनलोड करून, कार्ड जोडून, ओटीपी भारतीय नंबरवर येतो तोवर सगळं उरकून घ्यावं. पावसाला सुरुवात झाली की ग्रॅबचे दर दुप्पट होतात, आणि क्वालालंपूरला दुपारनंतर गडगडाटी पाऊस कुठल्याही महिन्यात येऊ शकतो. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला जरा जास्तच. म्हणून उघड्यावरचं सगळं सकाळी, छपराखालचं दुपारी.

शुक्रवार उतरण्याचा, म्हणून हलकाच ठेवावा. मस्जिद जामेकजवळचा क्लांग आणि गोंबाक नद्यांचा संगम, तिथून चालत मर्डेका चौक. १९५७ च्या ३०-३१ ऑगस्टच्या मध्यरात्री ब्रिटिश झेंडा इथेच उतरला. समोरची सुलतान अब्दुल समद इमारत १८९७ ची. पुढे सेंट्रल मार्केट आणि पेटालिंग स्ट्रीट. सेंट्रल मार्केटला एसी आहे आणि भाव लावलेले असतात. पेटालिंग स्ट्रीटला घासाघीस करावी लागते आणि ब्रँडेड म्हणून जे दिसतं ते ब्रँडेड नसतं.

पेट्रोनासचं तिकीट शनिवार-रविवारचं हवं असेल तर आठवडाभर आधी ऑनलाइन काढावं. जागेवर मिळेल या भरवशावर गेलेले बरेच जण खालूनच फोटो काढून परततात. ठरलेल्या वेळेच्या आधी पंधरा-वीस मिनिटं पोचायचं, बॅगा जमा करायच्या, तपासणी होते, मग रंगीत पट्ट्यांच्या गटांनी वर सोडतात. आधी ४१ व्या मजल्यावरचा पूल, जमिनीपासून १७० मीटरवर. वारा सुटला की दोन्ही मनोरे वेगवेगळे डोलतात, म्हणून हा पूल त्यांना घट्ट जखडलेला नाही, टोकांना सरकू शकतो. तिथे दहा-पंधरा मिनिटं, मग ८३ व्या मजल्यावर लिफ्ट बदलून ८६ वा. एकूण पाऊण तासाचा मामला. खरं सांगायचं तर वरून शहर दिसतं, पण ज्यांच्यासाठी शहराचा फोटो काढायचा ते मनोरेच दिसत नाहीत. पैसे मोजून एकाच उंच ठिकाणी जायचं असेल तर ४२१ मीटरचा केएल टॉवर जास्त पटतो. तिथून पेट्रोनास समोर उभे असतात. मनोऱ्यांसाठी संध्याकाळी मागच्या केएलसीसी बागेत बसावं, तळ्यातल्या कारंज्यांचा खेळ फुकट असतो.

बातू केव्ह्जचं मात्र टूरवाले वाटोळं करतात. सकाळी नाश्ता, मग चॉकलेटचं दुकान, मग कसलंसं पेवटरच्या म्हणजे कथिलाच्या वस्तूंचं दुकान आणि साडेअकराला गुहेपाशी उतरवून "पंचेचाळीस मिनिटांत या" म्हणतात. २७२ पायऱ्या, डोक्यावर ऊन, दमट हवा. निम्मी ज्येष्ठ मंडळी खालीच बसतात. स्वतः गेलं तर केएल सेंट्रलहून लोकल थेट गुहेच्या दारात जाते, भाडं तीन रिंगिटच्या आसपास, वेळ अर्धा-पाऊण तास. बातू केव्ह्ज हे शेवटचंच स्थानक आहे, त्यामुळे चुकायला वाव नाही, पण गाड्या कमी आहेत. एक चुकली तर अर्धा तास किंवा जास्तही थांबावं लागतं, म्हणून वेळापत्रक आदल्या रात्री बघावं. सात-साडेसातला पायथ्याशी पोचलं की पायऱ्या गार असतात, माकडंही कमी असतात.

पायऱ्यांवर चपला चालतात, वर देवळाच्या गाभाऱ्यापाशी काढायच्या. बायकांचे गुडघे उघडे असतील तर खाली अडवतात आणि लुंगीसारखं वस्त्र भाड्याने घ्यावं लागतं. पायऱ्या खड्या आणि अरुंद आहेत, उतरताना पाऊल आडवं टाकावं. हातात प्लास्टिकची पिशवी, केळी, हार, अगदी पाण्याची रंगीत बाटली दिसली तरी माकड हिसकावतं. गॉगल पिशवीत ठेवावा. वर मोठी गुहा, आणखी थोड्या पायऱ्या चढलं की छताला भोक पडलेली जागा. तिथून येणारा सकाळचा प्रकाश हेच या चढणीचं खरं फळ. खालची ४२.७ मीटर उंचीची सोनेरी मुरुगनाची (कार्तिकेयाची) मूर्ती २००६ ची आहे, पायऱ्यांचे रंग २०१८ चे. देवस्थान जुनं: थंबुसामी पिळ्ळै यांनी इथे मुरुगनाची स्थापना केली आणि १८९२ पासून थैपुसमचा उत्सव होतो. जानेवारी-फेब्रुवारीतल्या त्या दोन-तीन दिवसांत लाखोंची गर्दी असते. कावडी बघायच्या असतील तर मुद्दाम जावं, नाहीतर तारीख टाळावी. मुख्य गुहेला तिकीट नाही. स्टेशनजवळच्या रामायण गुहेला आहे, मुलं असतील तर ती आवडते.

आता डोंगर. जवळचा गेंटिंग आणि लांबचा कॅमेरॉन, यात लोक घोळ घालतात. गेंटिंग सुमारे १८०० मीटरवर, केएल सेंट्रलहून बसने तासाभरात अवाना, तिथून २.८ किलोमीटरची केबल कार, दहा मिनिटांत वर. वर काय, तर कॅसिनो, मॉल, छपराखालचे पाळणे आणि एक मोठं उघड्यावरचं थीम पार्क. डोंगर केबल कारच्या काचेतून दिसतो तेवढाच. लहान मुलं असतील तर रविवार सोडून एका दिवसात करून यावं. मधल्या चिन स्वी स्थानकावर उतरून देऊळ बघता येतं आणि त्याच तिकिटावर पुढे जाता येतं. दुपारनंतर ढग उतरले की काचेच्या तळाच्या डब्याचे जास्तीचे पैसे अक्षरशः धुक्यात जातात. परतीची बस जातानाच बुक करावी, सुट्टीच्या संध्याकाळी जागा संपतात.

कॅमेरॉन एका दिवसात करायचं ठिकाण नाही. दोनशे किलोमीटर, साडेचार तास जायला, तेवढेच यायला. एक दिवसाच्या टूर विकल्या जातात खऱ्या, पण त्यात नऊ-दहा तास गाडी आणि तीन तास डोंगर मिळतो. दोन रात्री नसतील तर गेंटिंग परवडलं.

बस सुटते ती टीबीएस या दक्षिणेकडच्या मोठ्या स्टँडवरून, स्टेशनचं नाव बांदार तासिक सेलातान. केएल सेंट्रलहून लोकल किंवा केएलआयए ट्रान्झिट ही विमानतळाची थांबत जाणारी ट्रेन, दोन्ही तिथे थांबतात. लोकल स्वस्त, ट्रान्झिट लवकर. स्टँड विमानतळासारखा चालतो. ऑनलाइन तिकीट दाखवून काउंटरवर बोर्डिंग पास घ्यावा लागतो, गेट नंतर जाहीर होतं. तेवढ्यासाठी पाऊण तास हातात ठेवावा. जागा बहुतेक दोन-अधिक-एक अशा, रुंद. एकट्या प्रवाशाने एकेरी बाजू घ्यावी. बसमध्ये शौचालय नसतं, मध्ये एक थांबा असतो. एसी इतका गार असतो की डोंगरासाठी नेलेली शाल बसमध्येच आधी लागते.

तापाहला महामार्ग सुटला की साठेक किलोमीटर वळणंच वळणं. ज्यांना घाट लागतो त्यांनी एव्होमिनची गोळी तापाहच्या आधी तास-दोन तास घ्यावी, वळणं सुरू झाल्यावर घेतली तर उपयोग नाही. स्वतःची गाडी किंवा टॅक्सी असेल तर सिंपांग पुलाईचा रस्ता रुंद आणि सौम्य आहे, पण लांबचा. शिवाय तो उत्तरेकडून भाजीच्या मळ्यांमधून येतो आणि ब्रिंचांगची कोंडी वाटेतच पडते. तापाहच्या वाटेवर सेमाई आदिवासींच्या टपऱ्या दिसतात, मध आणि पेताईच्या लांब शेंगा विकायला लावलेल्या.

मुक्काम तानाह राताला करावा, साधारण १४४० मीटरवर. बसस्टँड, खाणावळी, टूरची ऑफिसं सगळं एका रस्त्यावर आहे. ब्रिंचांग थोडं उंच आणि मळ्यांना जवळ, पण गोंगाटाचं. शहरातल्यासारखी ग्रॅब इथे मिळेल असं धरून चालू नये; टॅक्सी तासाच्या दराने ठरवावी लागते. खोलीला एसी नसतो आणि लागतही नाही, पण ओल असते. तळमजल्याची, बंद खिडकीची खोली नको म्हणून सांगावं. धुतलेले कपडे दोन दिवसांत वाळत नाहीत, तेव्हा मोजे जास्तीचे न्यावेत. रात्री पारा पंधरा-सोळावर येतो, स्वेटर पुरतो.

मंगळवारी सकाळी लँड रोव्हरची अर्ध्या दिवसाची टूर घ्यावी. ती गुनुंग ब्रिंचांगवर, दोन हजार मीटरच्या वर, शेवाळाच्या जंगलात नेते. रस्ता अरुंद आणि खड्ड्यांचा, त्यामुळे भाड्याची छोटी गाडी घेऊन जाण्यात अर्थ नाही. झाडाच्या प्रत्येक फांदीवर ओलं शेवाळ, त्यावर ऑर्किड आणि घटपर्णी. घटपर्णीचे पेले बोटाने उघडून बघू नयेत, मोडतात. ढग इथे रोजच येतात, म्हणून तर शेवाळ वाढतं, पण दुपारी त्या ढगांचा पाऊस होतो आणि लाकडी वाट निसरडी होते. दुपारची टूर स्वस्त असली तरी नको. लाकडी वाट दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद असते, तेव्हा पैसे देण्याआधी आज आत सोडतात का, असं स्पष्ट विचारावं, नाहीतर वाटेतल्या मनोऱ्यावर नेऊन आणतात.

बोह कंपनीचा सुंगाई पालास मळा याच रस्त्यावर आहे. कंपनी १९२९ ची. चहाकेंद्राचा सज्जा दरीवर पुढे काढलेला आहे आणि तिथून दिसणारी चहाची वळणं हाच कॅमेरॉनचा सर्वांना माहीत असलेला फोटो. उघडल्या उघडल्या पोचलं तर सज्ज्यावर जागा मिळते, अकरानंतर चहासाठी रांग लागते. कारखान्यात पानं सुकवणं, चुरणं, आंबवणं, भाजणं हे क्रमाने बघता येतं. चहा आपल्याला फिका वाटतो. दुधाचा मागवला तरी उकळलेला मिळणार नाही. रिंगलेटहून वर येताना लागणारा भारत टी हा दुसरा मळा १९३३ पासून एका भारतीय कुटुंबाचा आहे. तो मुख्य रस्त्यालगत असल्याने वाहन नसेल त्यांना सोयीचा.

स्ट्रॉबेरीबद्दल सावध करायला हवं. प्लास्टिकच्या छताखाली, कमरेइतक्या उंच मांडणीवर, काथ्याच्या भुशात वाढवलेली ही फळं वर्षभर मिळतात, दिसतात लालभडक, पण महाबळेश्वरची सवय असलेल्या जिभेला आंबट लागतात. स्वतः तोडायची हौस असेल तर किमान वजनाचे पैसे आधीच घेतात. नुसतं खायला आइस्क्रीमबरोबरची घ्यावी. (जाता जाता: एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मलाय आणि चिनी कैदी महाबळेश्वरच्या तुरुंगात आणून ठेवले होते आणि तिथल्या भाजीच्या मळ्यांत त्यांचा हात होता.) स्ट्रॉबेरीपेक्षा बाजारातला गोड मका आणि ताजी पालेभाजी सरस. आणि एक: कॅमेरॉन म्हणजे सगळं हिरवं जंगल, अशी कल्पना असेल तर दऱ्याच्या दऱ्या प्लास्टिकने झाकलेल्या बघून हिरमोड होतो. हिरवं बघायचं तर मळ्याच्या आत किंवा तानाह राताच्या पायवाटांवर जावं लागतं. पायवाटांना आकडे आहेत. चार नंबरची परित धबधब्याकडे जाणारी सोपी. बाकीच्यांवर पाट्या पडलेल्या, झाडं आडवी. एकट्याने जाऊ नये आणि हॉटेलात सांगून जावं. थाई रेशमाचा प्रसिद्ध अमेरिकन व्यापारी जिम थॉम्पसन २६ मार्च १९६७ ला इथूनच फिरायला बाहेर पडला आणि आजवर सापडलेला नाही.

शाकाहारींसाठी दोनच गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या. नासी लेमाक म्हणजे नारळाच्या दुधातल्या भातावर सुके मासे असतात आणि त्याच्या सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, तसंच साध्या दिसणाऱ्या परतलेल्या पालेभाजीतही, बेलाचान म्हणजे सुकटीचा गोळा असतो. "बेलाचान नको, इकान (मासे) नको" एवढं मागवतानाच सांगावं. रोती चनाई वरणाबरोबर कुठेही मिळते, तिच्यावर एखादा दिवस सहज निघतो. तानाह राताच्या मुख्य रस्त्यावर तमिळ खाणावळी आहेत, तिथे प्रश्नच नाही. कॉफी-चहा मागताना "कुरांग मानिस" (गोड कमी) म्हटलं नाही तर कंडेन्स्ड दुधाने तोंड चिकटतं.

बुधवारची परतीची बस सकाळची घ्यावी आणि तिकीट सोमवारी उतरल्यावर लगेच पक्कं करावं. त्याच दिवशी संध्याकाळचं विमान पकडायचं धाडस करू नये. मोठ्या पावसात तापाहच्या रस्त्यावर दरड येते आणि पूर्ण दिवस जातो. रात्री उशिराचं विमान असेल तर मात्र शहरात शिरायची गरज नाही: बस टीबीएसला सोडते आणि तिथूनच केएलआयए ट्रान्झिट विमानतळाला जाते. आपलं विमान कुठल्या टर्मिनलचं ते तिकिटावर बघून ठेवावं. ट्रेन आधी टर्मिनल १ ला थांबते, मग टर्मिनल २ ला, आणि चुकीच्या ठिकाणी उतरलं तर पुढच्या गाडीची वाट बघावी लागते.